राणीचा उजवा हात

"मोटर जळली," राणीच्या पाठीतल्या झडपेतून डोकं बाहेर काढत इस्माईलभाई म्हणाले. "मानेची बी, हाताची बी. पापण्यांची तर मागंच गेलीया."

आमचे मॅनेजर देवस्थळी साहेब पाण्याच्या कडेच्या फळीवर उभे होते. फळीच्या दुसऱ्या टोकाला राणीचा धुतलेला शालू हातावर घेऊन मी. राइडमधल्या बाहुल्यांचे कपडे शिवायचे, धुवायचे आणि त्यांना नेसवायचे, हे माझं काम होतं.

"नवीन मोटर किती दिवसांत येईल?"

"कोइमतूरहून यायची म्हंजे तीन आठवडे धरा."

"तीन आठवड्यांनी इथं पोकलेन उभा असेल, मुजावर. राइड बंद व्हायला अकरा दिवस राहिलेत."

"मग पडदा टाका राणीवर."

"पडदा काय टाका? लोक तिलाच बघायला येतायत. परवा बेळगावहून गाडी करून आले होते."

मग इस्माईलभाईंनी आधी शालूकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"साहेब, शालनताईंचं माप आन् राणीचं माप एकच हाय."

ते खरं होतं. बाहुलीच्या अंगावर टाचण्या लावता येत नाहीत, तिचं फायबर तडकतं. म्हणून सहा वर्षं राणीचा ब्लाऊज मी माझ्याच अंगावर बेतत आले होते.

"घाडगेबाई, न हलता किती वेळ बसू शकाल?" साहेबांनी विचारलं.

"बसेन की," मी म्हटलं. कुणी काही विचारलं की हो म्हणायचं, एवढंच मला त्या दिवसांत जमत होतं. नाही म्हणायला थोडा जोर लागतो.

कराडजवळ हायवेला लागून असलेल्या त्या बागेचं नाव रुपेरी बाग. एका सिनेमावाल्याचा स्टुडिओ बसला, तेव्हा उरलेले सेट घेऊन त्यानं ती उभी केली होती. त्याच्या तीन गाजलेल्या सिनेमांच्या तीन राइड. डाकूंची खिंड आधी बंद पडली, भुताचा टांगा त्यानंतर. उरली होती सातव्या तळाची राणी. आठ माणसांची होडी पाण्याखालच्या साखळीनं ओढली जात अंधाऱ्या गुहेतून जायची. वाटेत वटवाघळं, सापळे, नाचणाऱ्या दासी, आणि शेवटी राणीचा दरबार. तिथं होडी चाळीस सेकंद थांबायची. राणी मान वळवायची, उजवा हात वर करायची आणि टेपवरचा आवाज घुमायचा, "सातव्या तळात आलेला माणूस परत जात नाही!" लगेच दार उघडायचं आणि होडी उन्हात निघून जायची. लोक दर वेळी हसायचे. आता ते सगळं पाडून तिथं लाटांचा तलाव होणार होता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, बाहुलीला उचलून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि तिच्या जागी मी बसले. चेहऱ्याला आणि हातांना सोनेरी रंग, डोक्यावर कागदाच्या लगद्याचा मुकुट, छातीवर पत्र्याचं चिलखत. इस्माईलभाई होडीत बसून मला शिकवू लागले.

"ताई, हात असा लोण्यावानी वर नेऊ नका. माणूस वाटतंय."

"मग कसा नेऊ?"

"टक, टक, टक. आधी खांदा, मग कोपर, मग पंजा. वर गेला की जरा थरथरू द्या. जुना गिअर हाय त्यो."

"आणि श्वास?"

"श्वास घ्या की! पर पोटात घ्या, छातीत नगो. चिलखत हलतंय."

दुपारपर्यंत मला जमलं. पापणी कधी लववायची तेही कळलं. ढोल वाजतो तेव्हा सगळे ढोल वाजवणाऱ्या राक्षसाकडे बघतात, तेवढ्यात. इस्माईलभाई जाम खूश झाले. "बावीस वर्सं हिच्या मोटरी बदलतोय," ते म्हणाले, "पर इतकी बिनतक्रार कधीच चालली न्हवती."

दिवाळीची सुट्टी होती आणि बंद होणार म्हटल्यावर गर्दी लोटली होती. दिवसाला शंभरावर होड्या. प्रत्येक होडी चाळीस सेकंद माझ्यासमोर थांबायची आणि लोक माझ्यादेखत गळे काढायचे.

"इथंच तुझ्या पप्पांनी मला पहिल्यांदा हात धरू दिला होता," एक बाई मुलीला सांगत होती. "दिला होता म्हणजे, मीच धरला. भीती वाटली म्हणून." शेजारी बसलेले पप्पा राणीकडे बघत होते. त्यांना ते आठवत नसावं.

एक रिटायर मास्तर आले होते. त्यांनी मूळ सिनेमा तंबूत बघितला होता म्हणे, सात वेळा. होडी थांबली तसे ते उभे राहिले आणि मला चक्क हात जोडले. "चला, राणीसाहेब," म्हणाले, "आता तुम्ही नाही, आम्ही नाही." त्यांची सून मागून ओरडत होती, "अण्णा, बसा खाली, होडी डुलतेय."

इचलकरंजीचा एक पोरगेला बाप्या तीन दिवसांत चार वेळा आला. दर वेळी तो शेजाऱ्याला सांगायचा की राणीचं नाक पूर्वी लांब होतं. चौथ्या वेळी तो रडला. पंचविशीचा माणूस, एका बाहुलीसाठी. मी त्याच्याकडे बघत होते, म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या दिव्याकडे बघत होते, कारण राणीची नजर तिथंच असायची. मला त्याचं हसूही आलं नाही आणि कणवही आली नाही. माझ्या मनात आलं, ह्याला इतकं वाटतं तरी कसं? एवढं वाटायला ताकद आणतो कुठून?

कारण मला काहीच वाटत नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी माझा मुलगा ओंकार चार दिवसांच्या तापानं गेला. सतरा वर्षांचा होता. दवाखान्यात, स्मशानातून माणसं परतली तेव्हा, तेराव्याला, मी रडले नाही. बायका आपसात बोलल्या की शालनचं काळीज दगडाचं आहे. मग म्हणाल्या, धक्का बसलाय, येईल रडू. ते आलंच नाही. मी कामाला जायची, यायची, भाकरी थापायची आणि ओट्याला पाठ टेकून खाली बसायची. दिवा लावायचं भान नसायचं. स्वप्नाली, माझी मुलगी, क्लासहून आली की दिवा लावायची. ती तेव्हा चौदाची होती. तिचे वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. म्हणजे घरात आम्ही दोघीच. त्यातली एक मी.

ही राणीची नोकरी मी तिला सांगितलीच नव्हती. लपवलं असं नाही. सांगायचं राहून गेलं, जसं त्या दिवसांत सगळंच राहून जायचं.

आणि एक गोष्ट डोक्यावर टांगलेली होती. सांगलीचा माझा भाऊ, संपतदादा, स्वप्नालीला न्यायला येणार होता. "पोरीला घेऊन जातो," त्यानं फोनवर सांगितलं होतं. "मामीला ती आवडते, शाळा घराशेजारी आहे. तू आधी स्वतःला सावर." दिवाळीनंतरचं सत्र तिनं तिकडेच सुरू करायचं होतं. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज तिनं तिच्या वळणदार अक्षरात लिहून पिठाच्या डब्यावर ठेवला होता. खाली माझी सही व्हायची होती. संपतदादा रविवारी येणार होता, राइडच्या शेवटच्या दिवशीच.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी रात्री जेवताना स्वप्नालीनं विचारलं, "आई, सही केलीस?"

"करते."

"करते म्हणजे मी जाऊ ना?"

"तुला जायचंय ना?"

"तुला काय वाटतं ते विचारतीय मी."

मला काय वाटतं ते मी शोधून बघितलं. खरंच शोधलं. हाताला काही लागलं नाही.

"तू म्हणशील तसं," मी म्हटलं.

"मी म्हणीन तसं," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. ती न्हाणीत ताट घासत बसली, एक ताट घासायला लागतो त्यापेक्षा बराच वेळ. मला ते ऐकू येत होतं. उठून जावं असं मनात आलं आणि मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमाराला दासींच्या दालनाकडून होडीचा आवाज आला आणि त्यात मला स्वप्नालीचा आवाज ऐकू आला.

कामगारांच्या घरच्यांना बागेत फुकट पास असायचे. एकेकाळी ती आणि ओंकार सुट्टीत येऊन हीच राइड दिवसातून पाच-पाच वेळा करायचे. आज ती मैत्रिणीला घेऊन आली होती, अमिनाला. दोघी पुढच्या बाकावर. मागे एक कुटुंब होतं, कडेला, मांडीवर लहान मूल घेतलेले आजोबा. होडी माझ्यासमोर आली आणि थांबली. मी आणि माझी मुलगी, मध्ये चार हात पाणी.

मी दिव्याकडे बघत राहिले.

"हीच का ती राणी?" अमिनानं विचारलं.

"हीच. दादा इथं उभा राहायचा आणि हिला चिडवायचा. 'काय राणीसाहेब, आज पण शिळा शालू?' मी म्हणायची, गप की, आईनं धुतलाय तो." स्वप्नाली हसली. तिचं हसू मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. "आमची मजेची जागा एवढीच एक होती, ती पण आता पाडणार."

"कसली खरी वाटती गं! बघ, डोळे बघ. कशी बसलीय."

"त्यात काय," स्वप्नाली म्हणाली. "माझी आई घरी अशीच बसती. दादा गेल्यापासून. हाक मारली तरी बघत नाही." मग राणीकडे बोट करून ती म्हणाली, "ही निदान हात तरी वर करती."

ती रागानं बोलली नाही. आज शाळा बंद आहे हे सांगावं तसं बोलली. टेपवर ढोल सुरू झाला. ढोलानंतर संवाद आणि संवादाबरोबर राणीचा हात.

मी हात उचलला. खांदा, टक. कोपर, टक. पंजाची पाळी आली आणि पंजा हलेना. हात तसाच अर्ध्यावर राहिला. मग तो खाली आला, सिंहासनाच्या कडेला टेकला आणि मी उठले.

उठायचं असं मी ठरवलं नव्हतं. माझे पाय गुडघाभर पाण्यात गेले तेव्हा मला कळलं की मी उठलेय. पाणी थंड होतं. होडीतल्या सगळ्यांनी एकदम किंकाळी फोडली. अमिना बाकाखाली घुसली. आजोबांचा चष्मा पाण्यात पडला. वरून टेप बजावत होती की सातव्या तळात आलेला माणूस परत जात नाही. स्वप्नालीनं दोन्ही हात तोंडावर घेतले होते, त्यातला एक मी मनगटाला धरून ओढला.

"सांगलीला जायचं नाही," मी म्हटलं.

ती किंचाळत होती ती थांबली. माझ्या सोनेरी तोंडाकडे बघत राहिली.

"आई?"

"जायचं नाही. मी सही करणार नाही."

"आई, हे काय, तू... हात सोड. सगळे बघतायत."

"बघू दे."

मग तिला रडू फुटलं आणि ती मला मारायला लागली. दोन्ही मुठींनी, पत्र्याच्या चिलखतावर, दंडावर, मुकुट खाली पाडून डोक्यावर. "मग आधी सांगायचं ना! आधी का नाही सांगितलंस? मी रोज विचारत होते! रोज!" मला लागत होतं. चिलखताची कड बरगडीत रुतत होती आणि चांगलंच लागत होतं. मी तिला मारू दिलं.

साखळी बंद पडली. इस्माईलभाई ट्यूबलाइट लावून धावत आले. उजेडात सगळा दरबार प्लायवूडचा दिसायला लागला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे, आणि माणूस असा की होडीकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "काय झालं न्हाय, मंडळी! मोटर बिघडली! जुना गिअर हाय!"

"मोटर?" मागचे गृहस्थ ओरडले. "अहो, ती पाण्यात उतरलीय!"

"तेच म्हंतोय मी. लईच बिघडलीय."

देवस्थळी साहेबांनी राइड त्याच तासाला बंद केली. पोराबाळांची होडी कलंडली असती तर काय, असं ते म्हणाले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. मला कामावर येऊ नका म्हणाले, त्यातही त्यांचं चुकलं नाही. शनिवार-रविवारची गर्दी दारावरून परत गेली.

ह्याला आता सोळा वर्षं झाली. त्या बागेच्या आठवणी काढणाऱ्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. स्वप्नाली त्यात आहे. पुण्याहून आली की मला वाचून दाखवते. जुनी तिकिटं, होडीतले फोटो, डाकूंच्या खिंडीतल्या घोड्याचं कुणी तरी उचलून नेलेलं शेपूट. राणी शेवटी सिंहासनावरून उठली, ही गोष्ट तिथं सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांची वेगळी आहे. कुणी म्हणतं शॉर्टसर्किट होतं, कुणी म्हणतं तिला बंद होणं सोसलं नाही. इचलकरंजीचा एकजण दर दिवाळीला लिहितो की शेवटच्या रविवारी मी आईला घेऊन गेलो होतो आणि दार बंद होतं. आई पुढच्या वर्षी गेली, तिला राणी दाखवायची राहिली. हा तोच की दुसरा, मला माहीत नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं. स्वप्नालीला मी म्हटलंसुद्धा, त्याला खरं काय ते कळव. ती म्हणते, नको, त्यांची राणी त्यांच्याकडे राहू दे.

पण त्या शुक्रवारी मला त्या लोकांचा विचार शिवला नाही. बागेच्या मागच्या नळावर मी दगडावर बसले होते आणि स्वप्नाली खोबरेल तेलात फडकं बुडवून माझ्या तोंडाचा रंग काढत होती. अमिनाला इस्माईलभाईंनी लिंबू सरबत पाजून स्कूटरवरून घरी सोडायला नेलं होतं. ऊन उतरत आलं होतं. रंग लवकर निघत नव्हता.

"अर्जाचं काय करू?" तिनं विचारलं.

"फाड."

"मामा चिडंल."

"चिडू दे. जेवू घालून परत पाठवू."

ती कानामागचा रंग पुसत राहिली. फडकं उलटं केलं, पुन्हा तेलात बुडवलं.

"दादाचं नाव तू घेतच नाहीस," ती म्हणाली.

"ओंकार," मी म्हटलं. पुढं काहीतरी सांगायचं होतं, पण तेवढंच जमलं. तिनं घाई केली नाही. मग मी पुन्हा म्हटलं, "ओंकार," आणि चौदा महिन्यांचं रडू त्या नळावर आलं. तेल आणि सोनेरी रंग सगळा पदराला लागला. स्वप्नाली फडकं हातात धरून तशीच उकिडवी बसून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही.

"आणि तू परत तशी बसलीस तर?"

बसणार नाही, असं सांगणं सोपं होतं. तिलाही तेच ऐकायचं होतं. पण मला माहीत होतं की ते गेलेलं नाही. ते ओट्याखाली कुठंतरी बसून असणार आणि एखाद्या संध्याकाळी परत येणार.

"बसेन," मी म्हटलं. "बसेन बहुतेक."

"मग मी काय करायचं?"

"आज बोललीस तसं बोल. लागेल असं."

तिनं मान डोलावली आणि माझी हनुवटी वर करून उरलेला रंग पुसायला घेतला.

त्यानंतर ती तीनदा तसं बोलली. एकदा दहावीच्या निकालाच्या दिवशी, एकदा ओंकारचं श्राद्ध होतं तेव्हा, आणि एकदा तिचे वडील वारल्यावर. तिन्ही वेळा असं बोलली की शेजारणीनं ऐकलं असतं तर म्हणाली असती, काय ही पोरगी, आईला असं बोलते! तिन्ही वेळा मी उठले.